इतिहासाचार्य राजवाडे आणि सकळ लिपीचे कुलूप

स्पर्धा परीक्षांना बसणाऱ्या आपल्या मित्रमैत्रिणींच्या वह्या चाळल्या, तर बुद्धिमापन चाचणीच्या प्रकरणात एक प्रश्न हटकून सापडतो. एका सांकेतिक भाषेत नांदेडला ‘पांधेढ’ आणि लातूरला ‘वाथूल’ म्हणत असतील, तर माहूरला काय म्हणतील? चार पर्याय दिलेले असतात आणि वेळ असतो अर्ध्या-पाऊण मिनिटाचा. सरावलेला विद्यार्थी बाराखडीकडे मनात एक नजर टाकतो. न चा प झाला, द चा ध झाला, ड चा ढ झाला. म्हणजे प्रत्येक व्यंजन एक घर पुढे सरकले आहे आणि काना-मात्रा जागच्या जागी आहेत. मग म चा य, ह चा ळ, र चा ल. उत्तर ‘याळूल’. एक गुण पदरात पडतो आणि आपण पुढच्या प्रश्नाकडे वळतो.

हा प्रश्न सोडवताना आपल्यापैकी फारच थोड्यांच्या मनात येत असेल की, याच जातीचे एक कोडे मराठी भाषेच्या दारावर साडेपाचशे वर्षे कुलूप होऊन बसले होते. त्या कुलपामागे मराठीतील पहिले गद्य होते, पहिल्या कवयित्रीचे काव्य होते आणि एका पंथाचा सारा धर्मविचार होता. ते कुलूप ज्या गृहस्थाने खटपटीने उघडले, त्याचे चरित्र थोडक्यात सांगावे एवढाच या लेखाचा हेतू आहे. ते गृहस्थ म्हणजे इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे.

बालपण आणि शिक्षण

राजवाडे यांचा जन्म १८६३ साली त्या वेळच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यातील वरसई या गावी झाला. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. पुढे शिक्षणासाठी ते पुण्यास आले. घरची स्थिती बेताची असल्याने शिक्षणात खंड पडत गेला. पाठ्यपुस्तकांवर मात्र त्यांचे मन कधी बसले नाही. डेक्कन कॉलेजात असताना त्यांनी परीक्षेपेक्षा ग्रंथालयाकडे अधिक लक्ष दिले. बी. ए. होईपर्यंत वयाची पंचविशी उलटून गेली होती. त्यांचे वडील बंधू वैजनाथ काशिनाथ हे संस्कृतचे नामांकित प्राध्यापक झाले. धाकट्या भावालाही तशी प्रतिष्ठेची नोकरी सहज मिळाली असती. त्यांनी काही काळ शिक्षकाचे काम केलेही, पण ते फार दिवस टिकले नाही.

ऐन तारुण्यात पत्नीचे निधन झाले आणि त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. तेथून पुढे त्यांचा संसार म्हणजे जुनी दप्तरे. मराठीत जगातील उत्तम ग्रंथ यावेत या हेतूने त्यांनी ‘भाषांतर’ नावाचे मासिक चालवले व प्लेटोचा ‘रिपब्लिक’ हा ग्रंथ मराठीत आणला. मासिक अल्पायुषी ठरले. परंतु एक निश्चय मात्र त्यांनी आयुष्यभर पाळला. जे लिहायचे ते मराठीतच लिहायचे. इंग्रजीत लिहिले असते तर परदेशी विद्वानांत नाव झाले असते, हे त्यांना कळत नव्हते असे नाही.

कागदांच्या मागे

त्या काळी मराठ्यांचा इतिहास बहुतांशी इंग्रजांनी लिहिलेला आणि बखरींवर आधारलेला होता. राजवाडे यांचे म्हणणे साधे होते. ज्या माणसांनी तो इतिहास घडवला त्यांचीच पत्रे शोधावीत, वाचावीत आणि मग बोलावे. वाई येथे त्यांना अशा अस्सल पत्रांचा साठा मिळाला आणि १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड निघाला. १७५० ते १७६१ या काळातील ही पत्रे, म्हणजे पानिपतच्या रणसंग्रामापर्यंतची. आपल्या लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे १७६० च्या आरंभी सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला आणि त्याच वर्षी ते उत्तरेकडे निघाले. तो काळ याच खंडाच्या कक्षेत येतो. उदगीरच्या किल्ल्यावर सहलीला जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

पुढे या मालेचे एकूण २२ खंड झाले. त्यासाठी राजवाडे गावोगाव हिंडले. अंगावर साधे कपडे, राहणे कोणाच्या तरी ओसरीवर, स्वयंपाक बहुधा स्वहस्ते. वाड्यांच्या माळ्यांवर, देवघरांच्या कोनाड्यांत, कुलकर्ण्यांच्या दप्तरांत कागद कुजत पडलेले होते. कोठे वाळवी लागलेली, कोठे पावसाने गठ्ठ्याचा लगदा झालेला. कोणी प्रेमाने दप्तर पुढे ठेवी, कोणी दारातूनच वाट दाखवी. कागद हाती आला तरी काम संपत नसे, कारण तो मोडीत असे. प्रत्येकाचे वळण निराळे, शब्द तोडण्याची रीत नाही, मित्या मुसलमानी कालगणनेच्या. अशी हजारो पत्रे वाचताना त्यांच्या डोळ्यांना एक सवय लागली. न कळणाऱ्या खुणेपुढे न थांबता, तीच खूण पुन्हा कोठे कोठे येते ते पाहायचे आणि आजूबाजूच्या मजकुरावरून तिचा अर्थ बांधायचा. ही सवय पुढे फार उपयोगी पडली असली पाहिजे.

त्यांचा हा शोध मराठवाड्यापर्यंतही पोहोचला. बीडजवळच्या पाटांगण येथे मिळालेल्या ज्ञानेश्वरीच्या जुन्या पोथीवरून त्यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरी छापली आणि त्याच वेळी तिच्या भाषेचे व्याकरणही सिद्ध केले. त्या पोथीच्या प्राचीनतेविषयी पुढील अभ्यासकांत मतभेद झाले. परंतु जुन्या मराठीचे व्याकरण शास्त्रीय पद्धतीने मांडता येते हे त्या ग्रंथाने दाखवून दिले.

कुलूप कोणी घातले?

आता त्या कुलपाकडे वळू. तेराव्या शतकात श्रीचक्रधरस्वामींनी महानुभाव पंथाचा उपदेश केला आणि तो लोकांच्या भाषेत, म्हणजे मराठीत केला. त्यांच्या मागे नागदेवाचार्यांच्या प्रेरणेने म्हाइंभटांनी स्वामींच्या आठवणी माणसामाणसांकडून गोळा करून ‘लीळाचरित्र’ रचले. महदाइसेने ‘धवळे’ गायिले. भास्करभट्ट बोरीकरांनी ‘शिशुपालवध’ लिहिले. संस्कृतात न लिहिता मराठीतच लिहावे हा त्या मंडळींचा आग्रह होता.

मग सर्वांना कळावे म्हणून मराठीत लिहिलेले ग्रंथ कोणालाच वाचता येऊ नयेत अशा लिपीत का गेले? त्याची कारणे त्या काळात आहेत. यादवांचे राज्य बुडाले, परचक्रे आली, धावपळीत पोथ्या नष्ट झाल्या. आतूनही विरोध होताच; वर्णाश्रम न मानणाऱ्या, स्त्री-शूद्रांना संन्यास देणाऱ्या या पंथाकडे समाजातील अनेक जण संशयाने पाहत. त्यातून आपले धर्मग्रंथ अनधिकारी माणसाच्या हाती पडू नयेत, त्यांचा उपहास होऊ नये, अशी भावना बळावली. चौदाव्या शतकात सांकेतिक लिप्या आल्या. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध ‘सकळ’ लिपी रवळोबास यांनी योजली असे परंपरा सांगते. पुढे सुंदरी, पारमांडल्य, अंक, शून्य, सुभद्रा, वज्र, मनोहरा अशा कितीतरी लिप्या निघाल्या.

हे रवळोबास म्हणजेच ‘सह्याद्रीवर्णन’ या काव्याचे कर्ते रवळोव्यास. ते काव्य श्रीदत्तात्रेयप्रभूंचे वर्णन करते, आणि महानुभावांच्या दृष्टीने दत्तात्रेयप्रभूंचे स्थान म्हणजे आपल्या नांदेड जिल्ह्यातील माहूर. रेणुकामातेच्या दर्शनाला आणि दत्तशिखरावर आपण सारेच जातो. तेथील देवदेवेश्वरीचे स्थान महानुभावांचे आहे. ज्या लिपीने मराठीला कुलूप घातले तिचा कर्ता आपल्याच डोंगराचे गुण गात होता, हे वाचून मला तरी नवल वाटले. आरंभीच्या प्रश्नात मी माहूरचे नाव घातले ते याच कारणाने.

या लिप्यांमुळे ग्रंथ जिवंत राहिले, हेही मान्य केले पाहिजे. पंथाबरोबर पोथ्या पंजाबात, पेशावरपर्यंत गेल्या आणि तेथील मठांत मराठी टिकून राहिले. परंतु बाहेरच्या मराठी माणसाला त्याचा पत्ता नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभी मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिणारे विवेकसिंधू आणि ज्ञानेश्वरी यांच्यापासून प्रारंभ करीत, आणि त्या काळात मराठीत कथनात्मक गद्यही होते याची त्यांना कल्पना नव्हती. दुसरी हानी त्याहून मोठी होती. जे वाचता येत नाही त्याविषयी माणूस वाटेल ते बोलतो. या पंथाच्या पोथ्यांत काहीतरी भलतेसलते असले पाहिजे, नाही तर लपवले कशाला, अशी कुजबुज पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. पंथीयांनी वर्षानुवर्षे निंदा सोसली आणि निंदेला उत्तर देणारे पुरावे त्यांच्याच पेटाऱ्यात बंद होते.

कोडे कसे सुटते?

आपल्याकडे सांकेतिक भाषा काही नवी नाही. वात्स्यायनाने चौसष्ट कलांत सांकेतिक बोलण्याची व लिहिण्याची कला गणली आहे. आपल्या आजी-आजोबांनी लहानपणी करपल्लवी खेळलेली असते. हाताचा फणा केला की स्वर, कमळ केले की कवर्ग, चक्र फिरवले की चवर्ग, धनुष्य ओढले की टवर्ग. मग बोटांनी वर्गातले कितवे अक्षर ते सांगायचे. तेच आकड्यांत लिहिले की अंकपल्लवी झाली. स्वरांचा वर्ग पहिला धरला तर तवर्ग पाचवा, आणि न हे त्यातले पाचवे अक्षर. म्हणून न साठी ५-५ लिहायचे.

परीक्षेतल्या कोड्यात नियम असतो, म्हणून एक-दोन उदाहरणांवरून तो पकडता येतो. सकळ लिपीत अक्षराच्या जागी दुसरेच अक्षर किंवा चिन्ह येते, आणि कोणत्या अक्षरासाठी काय हे किल्लीवाचून कळत नाही. तेथे एक घर पुढे असा सरळ हिशेब चालत नाही. तरीही असे लेखन सुटते, कारण लिपी बदलली तरी भाषा बदलत नाही. कोणत्याही भाषेत काही अक्षरे फार वेळा येतात, काही क्वचित. मराठी पोथी बहुधा वंदनाने सुरू होते आणि शेवटी शक, लेखक, स्थान यांचा उल्लेख असतो. तो, ते, जे, कां असे छोटे शब्द पानोपानी असतात. विभक्तीचे प्रत्यय शब्दांच्या शेवटी पुन्हा पुन्हा दिसतात. लीळाचरित्रासारख्या ग्रंथात स्वामींचे बोलणे आले की ते सुरू करणारे तेच ते शब्द येतात. अशा एका ठिकाणी दोन अक्षरे ओळखता आली की ती साऱ्या पानावर भरायची. अर्धे शब्द डोके वर काढतात. त्यांतून तिसरे अक्षर कळते, तिसऱ्यावरून चौथे. मध्येच एखादा शब्द बेताल निघाला तर तर्क चुकला असे समजून मागे फिरायचे. यात चमत्कार काही नाही. भाषा चांगली आली पाहिजे आणि चूक कबूल करण्याची तयारी पाहिजे.

राजवाडे यांच्यापाशी या गोष्टींची शिदोरी होती. ज्ञानेश्वरीच्या भाषेचे व्याकरण त्यांनी नुकतेच केले होते, म्हणजे त्या काळचे प्रत्यय, सर्वनामे, क्रियापदांची रूपे त्यांच्या जिभेवर होती. १९१० च्या सुमारास त्यांनी सकळ लिपी उलगडली आणि तिची किल्ली लोकांपुढे ठेवली. त्याच वर्षी ७ जुलै रोजी पुण्यात खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्या साहाय्याने त्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. त्यांच्या आयुष्यातील हा काळ सर्वांत फलदायी म्हटला पाहिजे.

दार उघडल्यावर

किल्ली मिळाली म्हणजे दार आपोआप उघडत नाही. पोथ्या मठांत होत्या आणि त्या दाखवाव्यात की नाही हा महंतांच्या श्रद्धेचा प्रश्न होता. शतकानुशतके जपलेले गुपित बाहेरच्या माणसाने छापून टाकावे, याचे दुःख अनेक पंथीयांना झाले असल्यास नवल नाही. कोडे सोडवणाऱ्याला ते सोडवण्याचा आनंद असतो, पण ज्याचे ते आहे त्याला विचारले का, हा प्रश्न उरतोच. या प्रश्नाचे उत्तर पुढच्या पिढीतील अभ्यासकांनी आणि महंतांनी मिळून दिले. ठाण्याचे वि. ल. भावे, यवतमाळचे य. खु. देशपांडे यांनी पंथीयांचा विश्वास संपादन केला आणि काही महंतांनी आपण होऊन पोथ्या व किल्ल्या त्यांच्या हाती दिल्या. भावे यांच्या ‘महाराष्ट्र सारस्वत’ ग्रंथाच्या १९१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत महानुभाव कवींना मानाचे स्थान मिळाले. पुढे ह. ना. नेने यांनी लीळाचरित्र प्रसिद्ध केले आणि वि. भि. कोलते यांनी आपले आयुष्य याच वाङ्मयाला वाहिले. छापलेल्या पानांवर लोकांनी पाहिले ते काय? अहिंसा, भिक्षा, समता आणि साध्या माणसांच्या साध्या गोष्टी. पिढ्यांची कुजबुज तेथे संपली.

म्हणून मला वाटते, कुलूप दोन्ही बाजूंनी उघडले. एका बाजूने राजवाडे यांच्या बुद्धीने आणि दुसऱ्या बाजूने पंथीयांच्या औदार्याने. एकट्या बुद्धीला किल्ली मिळाली, पण घरात बोलावले ते औदार्याने.

गुण आणि दोष

राजवाडे यांचे चरित्र लिहिताना केवळ आरती ओवाळणे योग्य नाही. त्यांचा स्वभाव अत्यंत तापट. जवळच्या मित्रांशी त्यांचे खटके उडत. स्वतः स्थापन केलेल्या मंडळापासूनही ते दूर झाले. शब्दांच्या व्युत्पत्ती शोधताना ते कधी कधी इतक्या लांबच्या उड्या मारीत की पुढील भाषाशास्त्रज्ञांना त्या मान्य करता आल्या नाहीत. संतांविषयी त्यांनी कठोर मते मांडली. त्यांच्या शिकवणीने समाज निवृत्तीकडे वळला असा ठपका ठेवला. जातींविषयीचे त्यांचे काही निष्कर्ष पूर्वग्रहाने दूषित होते. एका संकेताच्या मागचा अर्थ अचूक ओळखणारा माणूस दुसऱ्या ठिकाणी आपल्याच कल्पनेला पुरावा समजू शकतो, हा धडा त्यांच्या चुकांतून मिळतो.

पण त्यांच्या निर्भयतेला तोड नाही. उतारवयात त्यांनी भारतीय विवाहसंस्थेच्या इतिहासावर लिहिले आणि सनातनी समाजाला न रुचणारी मते पुराव्यांसह मांडली. १९२२ साली जयराम पिंड्ये यांचे ‘राधामाधवविलासचंपू’ हे शहाजीराजांवरील काव्य दीर्घ प्रस्तावनेसह प्रसिद्ध केले, १९२४ साली ‘महिकावतीची बखर’. अखेरची वर्षे त्यांनी धुळे येथे मराठी धातू आणि शब्द यांची व्युत्पत्ती जमवण्यात घालवली. तेथेच ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांचे देहावसान झाले. मागे घरदार, ठेव, मुलेबाळे काही नव्हते. कागदांचे गठ्ठे होते. ते गठ्ठे सांभाळण्यासाठी धुळ्यात त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले.

उपसंहार

राजवाडे यांना जाऊन जवळजवळ शंभर वर्षे होत आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आपली भाषा जुनी आणि समृद्ध आहे हे सांगताना आपण ज्या ग्रंथांची नावे अभिमानाने घेतो, त्यांतील कित्येक त्या कुलपामागे होते. महानुभावांच्या रिद्धपूर या तीर्थी आता मराठी भाषेचे विद्यापीठही सुरू झाले आहे.

मित्रहो, आपल्या गावांत अजून असे कागद आहेत. वाड्याच्या माळ्यावर मोडीतली दप्तरे आहेत, मठांत पोथ्या आहेत, देवळाच्या पायरीला बसवलेले शिलालेख आहेत. आपल्यापैकी किती जणांना मोडी वाचता येते? मला येत नव्हती. या लेखाच्या निमित्ताने मी मुळाक्षरे गिरवायला घेतली आहेत. एका दिवसात चार अक्षरे झाली आणि दुसऱ्या दिवशी त्यांतली दोन विसरली. तरी घरातील एका जुन्या खरेदीखतावर परवा मला एक शब्द लागला. तो आमच्या शेताचे नाव होता.

सांकेतिक भाषेच्या प्रश्नाला परीक्षेत एक गुण असतो आणि उत्तर चार पर्यायांतच कोठेतरी असते. राजवाडे यांच्यापुढे पर्याय नव्हते, घड्याळ नव्हते आणि गुण देणाराही कोणी नव्हता. पुढच्या वेळी असा प्रश्न सोडवताना क्षणभर त्यांची आठवण व्हावी आणि सुटीत घरी गेल्यावर माळ्यावरचा एखादा गठ्ठा सोडून पाहावा, एवढीच विनंती.